दव सुकायच्या आत

अवरेकाई, म्हणजे इथला पावटा, बाजारात आली की मला आधी तिचा वास येतो आणि मग शेंगा दिसतात. परवाही तसंच झालं. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या चौकात हातगाडीवर पोतं अंथरून शेंगांचा हिरवा ढीग मांडला होता. रस्ता ओलांडायच्या आधीच तो तेलकट, कच्चा, किंचित कडवट वास नाकात शिरला. इथे कानडीत त्याला सोगडु म्हणतात. जितकं दव जास्त तितका सोगडु जास्त, म्हणून थंडीतल्या शेंगेचा मान मोठा. मी दोन किलो घेतल्या, घरी येऊन वर्तमानपत्र पसरलं आणि सोलायला बसले. पाच-सहा शेंगा झाल्या असतील. बोटांना वास लागला आणि छातीत जुनी कळ उठली. हेव्याची कळ. चार वर्षं झाली, अजून ती अवरेकाईबरोबर येते आणि अवरेकाईबरोबरच जाते.

त्या थंडीत मी चोपन्न वर्षांची होते. पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवायला लागून तीस वर्षं होत आली होती. मुलगी नोकरीला लागली होती, केसांना रंग लावणं मी सोडून दिलं होतं. आणि अशी मी, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोवर जळत होते. कारण काय, तर माझे वडील आणि ती रोज सकाळी एका जुन्या गाडीच्या तारा तपासत बसायचे.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून दीड महिन्याची रजा काढून मी माहेरी राहायला गेले. माहेर म्हणजे इथल्याच शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीतलं तीन खोल्यांचं घर. तिथे अप्पा, आई, माझा भाऊ राजू आणि त्याची बायको विद्या. आमचं घराणं तीन-चारशे वर्षांमागे कुठल्याशा फौजेबरोबर या गावात आलं, असं अप्पा सांगत. फौज गेली, आम्ही राहिलो. घरात मराठीच, पण ती अशी की पुण्याच्या माझ्या सासूबाई पहिल्यांदा ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. अप्पा 'थोडं' म्हणत नसत, 'स्वल्प' म्हणत. 'बरं' म्हणत नसत, 'सरी' म्हणत.

अप्पांचं आयुष्य एका सरकारी कारखान्यात मापं घेणारी यंत्रं दुरुस्त करण्यात गेलं. मी दहा वर्षांची असताना त्यांनी ही गाडी कुणाकडून तरी जुनी घेतली. दुधी रंगाची, गोल दिव्यांची, माझ्यापेक्षा वयानं मोठी. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती, पण आखूड. त्यामुळे गाडीचं धड आत आणि तोंड, पुढच्या काचेसकट, बाहेर आभाळाखाली.

त्या थंडीत गाडीला एक विचित्र रोग जडला. संध्याकाळी पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी सकाळी उतरलेली असायची. किल्ली फिरवली की पुढून नुसतं टक् टक्, म्हाताऱ्यानं घसा खाकरावा तसं. बाजारातला इलेक्ट्रिशियन दोनदा दुपारी येऊन गेला. सगळीकडे मीटर लावून म्हणाला, "सर, गाडीत काही नाही. बॅटरी बदला." अप्पांनी बॅटरी बदलली. नवीही तशीच उतरली.

मग अप्पांनी एका सकाळी, उजाडता उजाडता, आपला टेस्टर काढला. टेस्टर म्हणजे काय, एक छोटा बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. बॅटरीची तार सोडवायची आणि मध्ये हा बल्ब जोडायचा. गाडीतलं सगळं बंद असताना बल्ब लागता कामा नये. लागला, तर कुठून तरी करंट गुपचूप निघून जातोय. त्या सकाळी बल्ब लागला. मंद, नारिंगी. अप्पा त्याच्याकडे बघत उभे राहिले. साडेआठला ऊन काचेवर आलं, आणि पाहता पाहता बल्ब आपोआप विझला. कुणी कशाला हातही लावला नव्हता.

"हा दवाचा रोग आहे," जेवताना अप्पा म्हणाले. "कुठल्या तरी तारेचं कापड झिजलंय. ओल धरलं की बॉडीला करंट सोडतंय, सुकलं की गप्प. सकाळी सहा ते साडेआठ, तेवढ्यातच सापडला तर सापडेल. आणि संक्रांतीनंतर हवा कोरडी झाली की गेला. मग पुढल्या थंडीपर्यंत वाट बघा."

"मग पुढल्या थंडीत बघा," आई म्हणाली.

अप्पांनी उजवा हात ताटावरून उचलून तिच्यासमोर धरला. अंगठा आपला आपण हलत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढत जाणार.

मी म्हटलं, "अप्पा, मी धरते ना टेस्टर. सकाळी मी मोकळीच असते."

"तू आईकडे बघ," ते म्हणाले. "विद्याला येतं हे."

विद्या निपाणीकडची. होसकोटेच्या एका कारखान्यात ट्रॅक्टरसाठी तारांचे जुडगे तयार होतात, तिथे ती चाळीस बायकांवर सुपरवायझर होती. रोज शेकडो तारा तिच्या हाताखालून जायच्या. कंपनीची बस नऊला यायची, म्हणजे सहा ते साडेआठ ती रिकामी. राजू कामासाठी महिन्यातले वीस दिवस परगावी. त्याला गाडीत बसायला आवडायचं, बॉनेट उघडलं की त्याला फोन यायचा.

"बघूया की मामा," ती म्हणाली; सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. "कुठं जाईल ती तार? गाडीतच असणार की."

अप्पा हसले. इतक्या साध्या वाक्याला ते का हसले, हे मला आजही कळलेलं नाही.

लहानपणी अप्पा रविवारी गाडी उघडून बसले की मी शेजारी बॅटरीचा दिवा धरून उभी असायची. हात अवघडून जायचा. आत काय चाललंय ते बघायला मी पुढे वाकले की ते म्हणायचे, "लांब हो, शॉक बसेल." बारा व्होल्टला शॉक बसत नाही, हे मला पुढे पुस्तकात कळलं. व्होल्ट, करंट, रोध हे मी नंतर हजारो मुलांना शिकवलं. फळ्यावर सर्किट काढताना माझी रेघ कधी वाकडी आली नाही. पण खऱ्या गाडीतली एक तार मी कधी सोडवली नव्हती. मी फिजिक्स घेतलं ते त्या बॉनेटखाली काय आहे हे कळावं म्हणून, असं मी कुणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते वाटलंच नाही.

तर त्या सकाळी. साडेपाचला मी उठायची. आईला आधार देऊन न्हाणीघरात नेऊन आणायचं, मग कॉफी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड दिसायची. धुकं इतकं की समोरच्या घराचा दिवा नुसता पिवळा डाग. त्यात त्या दोघांच्या पाठी. अप्पांनी तिला आपला तपकिरी स्वेटर दिला होता, कोपरावर रफू केलेला. तो आईनं विणलेला, आणि एकदा मी मागितला होता तेव्हा "तुला मोठा होतो" म्हणाले होते. विद्यालाही मोठाच होत होता. ती बाह्या दुमडून घालायची.

तिनं पहिल्याच आठवड्यात प्रत्येक तारेला कापडी पट्टीचा तुकडा चिकटवून आकडे घातले. मूळचे रंग उडून सगळ्या तारा चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. अप्पांनी वहीत नकाशा काढायला घेतला; हात थरथरायला लागला की ते पेन्सिल तिच्या हातात द्यायचे आणि ती पुढची रेघ ओढायची. अर्धी रेघ त्यांची, अर्धी तिची. मी ती वही चोरून पाहिली. पानाच्या वर अप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तपासणी: मी आणि विद्या.'

वाईट गोष्ट अशी की विद्या चांगली होती. तिला हेवा करण्याजोगं काही करायचंच नव्हतं. आत आली की विचारायची, "अक्का, तुम्ही खाल्लात काय? आईंना गरम पाण्याची पिशवी दिलाय काय?" मी गोड बोलायची आणि मनात मोजायची, आज सकाळपासून अप्पांनी 'विद्या' किती वेळा म्हटलं. एकदा बावीस झाले. माझं नाव, 'शैला', दोनदा, एकदा कॉफीसाठी, एकदा टॉवेलसाठी. दुपारी मी भिजवलेल्या अवरेकाईचे दाणे चिमटीत दाबून साल काढत बसायची. दाणा सुळकन निसटून भांड्यात पडतो, साल बोटांत राहते. आई म्हणाली, "शैला, जरा हळू. दाणे फुटतायत."

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक फ्यूज काढला आणि बल्ब विझला. म्हणजे गळती त्याच शाखेवर होती. पण त्या एका फ्यूजवर हॉर्न, आतला दिवा, घड्याळ, शिवाय आधीच्या मालकानं जोडलेलं काहीबाही. त्यांनी हॉर्नपासून सुरुवात केली. स्टिअरिंग उघडलं, पुढचे दिवे उघडले. रोज जिथपर्यंत पोचायचे तिथे ऊन यायचं आणि बल्ब विझायचा.

आणि मग ती सकाळ. मी दोन कप घेऊन शेडमध्ये गेले. ते दोघं पुढे बॉनेटमध्ये वाकलेले. कप ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी गाडीचं दार उघडून आत वाकले आणि एक कप डॅशबोर्डवर ठेवला. त्याच वेळी दुसरा कप धरलेल्या, डॅशबोर्डखाली गेलेल्या माझ्या मनगटावर बर्फासारखा थेंब पडला. डॅशबोर्डच्या आतून. मी मान खाली घालून वर पाहिलं. काचेवरचं दव ओघळून वायपरच्या दांड्याशी जमत होतं, तिथलं रबर आकसून फट पडली होती, आणि त्या फटीतून एकेक थेंब आत उतरत होता. खाली तारांचा जुडगा एका लोखंडी पट्टीनं बांधलेला. पट्टीच्या दोन्ही बाजूंना कापड कोरडं, पट्टीखाली काळं आणि चमकणारं. मी बोट लावलं. ओलं.

एका क्षणात सगळं जुळलं. तीस वर्षं शिकवलेलं सगळं त्या एका इंचात होतं.

"अप्पा..." मी म्हटलं.

"शैला, कप ठेव आणि बाजूला हो. उजेड अडतोय," अप्पा मान वर न करता म्हणाले. आणि लगेच, दुसऱ्याच आवाजात, "हां विद्या, बोल. तुझं काय मत?"

मत. चोपन्न वर्षांत त्या माणसानं मला माझं मत विचारलं नव्हतं. शाळा कुठली, लग्न कधी, आईचं ऑपरेशन कुठे, कशातच नाही. मी दुसरा कप बॉनेटच्या कडेवर ठेवला आणि घरात निघून आले.

त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, दुपारी सांगेन. दुपारी वाटलं, ते विचारतील तेव्हा सांगेन. 'शैला, तू फिजिक्सवाली, तुझं काय मत?' असं एकदा म्हणू देत. मी रोज कॉफी घेऊन जायची आणि मुद्दाम थोडी रेंगाळायची. कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मला त्यात एक घाणेरडी गंमत वाटू लागली. ते दोघं हेडलाइटची वाटी उघडून बसलेत, आणि मला माहीत आहे. विद्या डिकीत अर्धी शिरलीये, आणि मला माहीत आहे. माझ्याकडे काही तरी होतं जे त्यांच्याकडे नव्हतं. अशा नऊ सकाळी गेल्या.

संक्रांत जवळ येत होती आणि अप्पांची घाई वाढत होती. आता ते साडेपाचलाच शेडमध्ये जाऊ लागले. विद्याचा आवाज ऐकू यायचा, "मामा, आत चला, थंडी बाधेल." आणि अप्पांचा, "आज सापडेल गं. स्वल्प थांब." आठव्या दिवशी ते खोकू लागले. मी खिडकीतून तो खोकला ऐकला आणि कॉफीत साखर घातली. दहाव्या दिवशी सकाळी त्यांना उठवेना. अंग तापलेलं, ओठ निळसर. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "ॲडमिट करा."

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये एक लोखंडी बाक होता. दुपारी विद्या कामावरून अर्धी सुट्टी घेऊन डबा घेऊन आली. आत अप्पा मास्क लावून झोपलेले. तिनं डबा उघडला, पोळीचा तुकडा माझ्यापुढे धरला. मला तो घेता येईना.

"विद्या, मला माहीत आहे ते कुठे आहे."

"काय, अक्का?"

"गळती. वायपरच्या दांड्यातून पाणी आत पडतं. डॅशबोर्डखाली जुडग्याला पट्टी आहे, तिच्याखाली."

तिचा चेहरा आधी उजळला. "अय्यो, होय की! मग सांगूया मामांना. कधी कळलं तुम्हाला?"

"नऊ-दहा दिवस झाले."

तिनं तुकडा डब्यात ठेवला. झाकण लावलं. चारही बाजूंनी नीट दाबलं.

"नऊ दिवस मी त्यांना थंडीत धरून बसलेय," ती हळू म्हणाली. "आणि तुम्ही आम्हाला कॉफी आणून देत होता."

"हो."

"का?"

"ते तुला विचारायचे. मला नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी कुठल्या परक्या भाषेत बोलल्यासारखी. "एवढंच?"

"एवढंच."

"मी त्यांना सांगणार नाही," ती उठत म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा." त्यानंतरचे कित्येक दिवस ती माझ्याशी औषधांच्या वेळांपलीकडे बोलली नाही. मला तेही बरंच वाटलं. निदान आता तिच्यात एक तरी वाईट गोष्ट होती.

अप्पा आठ दिवसांनी घरी आले. गळ्याला मफलर, खांदे उतरलेले, अंगठ्याबरोबर आता मनगटही हलणारं. संक्रांत होऊन गेली होती. हवा कागदासारखी कोरडी. दुसऱ्या सकाळी ते हट्टानं शेडमध्ये वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. विद्यानं बल्ब जोडला. बल्ब लागला नाही. तिसऱ्या सकाळीही नाही.

"गेलं या वर्षीचं," अप्पा म्हणाले. मग गाडीकडे बघत, अगदी साध्या आवाजात, "विकून टाका रे. राजूला सांगा."

विद्यानं माझ्याकडे पाहिलं. बोलायचं तेव्हाच होतं. 'अप्पा, ते तिथे आहे,' एवढंच. पण खुर्चीतला तो माणूस बघून मला कळलं, आता मी सांगितलं तर त्यांना तार मिळेल, शोध मिळणार नाही. मी आत गेले आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली भरून आणली.

"अप्पा, दव पडत नाही तर आपण पाडू."

ते माझ्याकडे बघू लागले. "कुठे मारशील पाणी?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं तिथे मी मारत गेले. हेडलाइटवर. काही नाही. हॉर्नवर. नाही. बॉनेटच्या फटीत. नाही. विद्या बल्ब धरून गप्प उभी, तिनं डोळ्यानंही सुचवलं नाही. सव्वा तास गेला. अप्पा खुर्चीत पुढे सरकले होते, मफलर खाली पडला होता.

"काचेवर मार," ते एकदम म्हणाले. "दव काचेवर साठतं. काचेवर भरपूर मार."

मी मारलं. पाणी ओघळलं, वायपरशी जमलं. आणि बल्ब, आधी नुसता लालसर, मग नारिंगी.

"वायपर!" अप्पा ओरडले. इतका मोठा आवाज मी महिनाभरात ऐकला नव्हता. "विद्या, डॅशबोर्डच्या खाली बघ, वायपरच्या बरोबर खाली!"

विद्या उताणी होऊन आत सरकली. नुसते पाय बाहेर. "सापडलं मामा! पट्टीखाली! कापड पार गेलंय!"

अप्पा हसत होते आणि डोळे पुसत होते. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, दोनदा. "शाब्बास, पोरी. शाब्बास."

मी बाटली धरून उभी होते. पुण्याचं काम करून इतका राग मला आयुष्यात कधी आलेला नाही.

विद्यानं झिजलेला तुकडा कापून नवी तार जोडली, वर रबरी नळी चढवली. शिवाजीनगरच्या सुट्या भागांच्या गल्लीतून वायपरचं नवं रबर आणलं. संध्याकाळी भरलेली बॅटरी सकाळी भरलेलीच राहू लागली. दोन थंड्यांनंतर अप्पा गेले. गाडीच्या कागदांवर त्यांनी आधीच विद्याचं नाव घालून ठेवलं होतं. बरोबरच केलं. मला गाडी चालवताही येत नाही. तरी राजूनं फोनवर ते सांगितलं तेव्हा मी हातातली कढई इतक्या जोरात आपटली की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. अजूनही विद्या कधी रविवारी गाडी घेऊन आमच्या लेआउटमध्ये येते तेव्हा वॉचमन, भाजीवाले, स्टार्टअपमधली पोरं, सगळे भोवती जमतात. ती बॉनेट उघडून त्यांना दाखवते आणि मी गॅलरीतून बघते. लोक म्हणतात, वयानं माणूस निवळतो. असेल.

पण गाडी बरी झाली त्यानंतरच्या रविवारची गोष्ट सांगायची राहिली.

आईला ऑपरेशननंतर पहिल्यांदा बाहेर न्यायचं ठरलं. सकाळी सातची वेळ, रस्ते मोकळे. अप्पांनी स्वतः चालवायचं म्हटलं. हळू चालवीन, हलसूर तलावापर्यंत जाऊन येऊ. विद्या पुढे बसली, बॅटरीच्या काट्यावर लक्ष ठेवायला. आई आणि मी मागे. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. आई म्हणाली, "अगंबाई!" आणि सगळे हसले. पुढच्या दोन डोक्यांमधून मला रस्ता दिसत होता. अप्पा बोलत होते, "विद्या, काटा बघ. विद्या, आवाज ऐक, किती गोड." माझं मोजणं पुन्हा सुरू झालं. सातवर पोचले आणि मला स्वतःचाच वीट आला.

"अप्पा, मला ते आधीच कळलं होतं," मी म्हटलं.

"काय कळलं होतं?"

"वायपरचं. तुम्ही आजारी पडलात त्याच्या नऊ दिवस आधी. मी पाहिलं होतं. सांगितलं नाही."

आईनं माझा हात धरला, मग सोडला.

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

अप्पांनी गाडी हळूहळू डावीकडे घेतली, तलावाच्या कठड्याशी थांबवली, हँडब्रेक ओढला.

"विद्या, तू स्वल्प मागं बस," ते म्हणाले. "हिला पुढं येऊ दे. गाडी चालवताना मान वळवून रागावता येत नाही मला."

आम्ही जागा बदलल्या. मी दार लावून घेते न घेते तोच त्यांनी गाडी सुरू केली, आणि तोंडही.

"चोपन्न वर्षांची झालीस! पोरांना काय शिकवतेस कॉलेजात, कळलेलं लपवून ठेवायला? नऊ दिवस थंडीत बसलो मी. ही बिचारी माझ्यापायी रोज धावत बस गाठायची. विचारलं नाही म्हणे! सरी, नाही विचारलं. चुकलं माझं. पण तुला विचारायचं तरी कसं? दहावीला असताना दाढ दुखत होती, चार दिवस बोलली नाहीस. गाल सुजून आला तेव्हा आम्हाला कळलं. कॉलेजात फिजिक्स घेतलंस ते मला फॉर्म भरल्यावर कळलं. तुझं लग्न ठरलं तेव्हा तुला मुलगा आवडला की नाही हे मी तुझ्या आईला विचारलं, ती म्हणाली मलाही माहीत नाही. दोन रात्री झोप नव्हती मला. तोंड दिलंय ना देवानं? ते काय नुसतं अवरेकाई खायला?"

ते बोलतच राहिले. छावणीच्या चर्चपाशी बोलत होते, सिग्नलला बोलत होते, शेजारच्या रिक्षावाल्यानं वाकून पाहिलं तरी बोलत होते. मला वाटायचं की त्यांचं माझ्याकडे कधी लक्षच नव्हतं, आणि इथे माझ्या एकेका गप्प बसण्याची त्यांनी जन्मभर आठवण ठेवली होती. मी समोर बघत होते आणि रडत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, घर लांब असू दे. अजून थोडं रागवा.

वळणावर मी सहज आरशातून मागे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत हसत होती. विद्या हात मांडीवर ठेवून बसली होती आणि आमच्या दोघांच्या पाठमोऱ्या मानांकडे बघत होती. तिला माझं बघणं दिसलंच नाही.

घरी आल्यावर अप्पा आईला धरून आत घेऊन गेले, अजून पुटपुटतच. शेडमध्ये मी आणि विद्या. ती कामासाठी शेडमध्ये अंथरलेली ताडपत्री उचलून झटकत होती.

"अक्का," ती म्हणाली, "बारा वर्षं झाली मला या घरात येऊन. मामा एकदाही मला असं रागावले नाहीत."

मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला हात पुढे केला. तिनं ते माझ्या हातात दिलं नाही. एकटीच, हात पुरत नव्हते तरी, ती त्या भल्यामोठ्या ताडपत्रीची घडी घालत राहिली.